तिसऱ्या ओळीनंतरचा थांबा

सोफ्याचं पोट फाडून मिस्त्री जमिनीवर फतकल मारून बसला होता आणि कापूस उपसता उपसता शीळ घालत होता. स्वयंपाकघरात चहा गाळताना घराच्या मालकाने ती ऐकली, आणि आपलंच गाणं आहे म्हटल्यावर त्याला नेहमीसारख्या गुदगुल्या झाल्या. एवढी वर्षं झाली तरी व्हायच्या. लिफ्टमध्ये कुणी गुणगुणायचं, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून पडलेलं असताना छताजवळच्या स्पीकरमधून लागायचं, आणि मग आपण कोण आहोत हे सांगावं की सांगू नये अशी एक सुखाची घालमेल व्हायची. बहुतेक वेळा तो सांगायचाच. आताही दोन कप घेऊन बाहेर येताना त्याने चेहरा तयार ठेवला होता, "अहो, म्हणजे ते तुम्हीच काय?" असं समोरचा म्हणाला की करायचा तो, जरा लाजल्यासारखा, जरा कंटाळल्यासारखा. मिस्त्रीची शीळ पहिल्या ओळीतून दुसरीत गेली, तिसरी प्रश्न विचारल्यासारखी वर चढली, मग तो सुप्रसिद्ध थांबा, अगदी बरोबर मापाचा, आणि मग चौथी ओळ. इथे गाणं संपतं. अधांतरीच संपतं, तीच त्याची गंमत, असं जाणकार म्हणतात. पण मिस्त्री संपला नाही. त्याने आणखी एक ओळ वाजवली, सावकाश पायऱ्या उतरत खाली आला, मुक्कामी पोचला आणि मग गप्प झाला. बशीत चहा सांडला.

"हे कुठलं हो?" त्याने विचारलं. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला.

"हे होय? आमच्या आईचं," मिस्त्री म्हणाला. त्याची आई गादीच्या कारखान्यात होती. तिथल्या बायका काम करताना म्हणायच्या ते हे. आई गेली तेव्हा मिस्त्री चौथीत होता, म्हणजे कितीही ओढूनताणून हिशेब केला तरी ह्याचं गाणं तेव्हा जन्माला यायचं होतं. तो हिशेब त्याने उभ्याउभ्याच केला आणि पुन्हा केला. मिस्त्रीने चहाचा घोट घेतला, बारीक खिळे ओठांत धरायच्या आधी मान वाकडी करून म्हणाला, "रेडिओवर असंच एक लागतं म्हणे. बायको सांगते. कुणीतरी ढापलं असेल." आणि हातोडी उचलून ठोकाठोक सुरू केली. ढापलं असेल. काही राग नाही, तक्रार नाही, पाऊस पडला असेल म्हणावं तसं. थोड्या वेळाने कापड कमी पडतंय, जेवून येताना घेऊन येतो, असं सांगून मिस्त्री निघूनही गेला, आणि फाटक्या सोफ्यासमोर खुर्ची ओढून तो एकटा बसून राहिला.

बरं, दिवस तरी कुठला निवडावा ह्या शिळेने? संध्याकाळी रेडिओवाली मुलगी यायची होती. गाण्याला इतकी वर्षं झाली म्हणून कार्यक्रम होता, आणि 'हे गाणं कसं सुचलं' हे त्याने स्वतःच्या तोंडून सांगायचं होतं. सांगायचं म्हणजे काय, तोंडपाठ होतं. जिन्याचं गाणं म्हणूनच लोक ते ओळखायचे. तो तेव्हा तळमजल्यावर राहायचा आणि ती, म्हणजे आताची बायको, वरच्या मजल्यावर. एका दुपारी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभं राहून त्याने तिला विचारलं होतं, आणि ती कठड्यावर हात ठेवून काहीच न बोलता उभी राहिली होती. 'मी खाली उभा आहे, वर आहेस का तू?' ही तिसरी ओळ, मग तिचं ते न बोलणं म्हणजे तो थांबा, आणि मग 'आहेस तू' ही चौथी. गिटारसुद्धा त्या थांब्यात वाजत नाही. रेकॉर्डिंगवाल्याने तेव्हा हात जोडून सांगितलं होतं की इथे काहीतरी भर, लोकांना वाटेल टेप तुटली, पण ह्याने ऐकलं नाही. पुढे त्या थांब्यावर लोकांनी लेख लिहिले. एका प्राध्यापकाने त्यात शतकाचं एकटेपण पाहिलं. आणि ह्याने प्रत्येक मुलाखतीत सांगितलं, छे हो, एकटेपण कसलं, ती बया बोलेचना, म्हणून थांबलो. मग लोक हसायचे आणि पुढच्या रांगेतली बायको मान खाली घालायची. तिचं होतं ते गाणं. घरात दागिना असावा तसं. भांडण झालं, महिनाभर अबोला धरला, तरी ते गाणं कुठे लागलं की तिच्या कपाळावरची आठी जायची, हे त्याने कितीदा पाहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर काही वेळा त्याचा फायदाही घेतला होता. आता तिला काय सांगणार? बाई गं, तुला दिलं ते दुसऱ्याचं होतं?

चोरी म्हणावी तर चोरी केल्याचं आठवत नव्हतं, आणि तेच जास्त वाईट. उचलल्याचं आठवलं असतं तर निदान शरमेला एक पत्ता मिळाला असता. त्याने मनातल्या मनात सगळी उलटतपासणी केली. काय काय होतं त्या गाण्यात? दादाची गिटार होती, जिची सर्वांत जाड तार तुटलेली होती आणि दादा आणू आणू म्हणत कधीच आणायचा नाही. म्हणून अंगठ्याला एक तार ओलांडून उडी मारायची सवय लागली, आणि लोकांना ती त्याची शैली वाटली. मित्राकडची ती परदेशी तबकडी होती. कुणीतरी एकटाच माणूस एकटीच गिटार घेऊन गायचा. भाषा कुणाच्या बापाला कळत नव्हती, म्हणून ते सगळे शब्दांऐवजी त्याचे श्वास ऐकत बसायचे. इमारतीच्या टाकीचा पंप होता. तो सुरू होताना दोन आचके द्यायचा आणि मग लागायचा, गाण्याची सुरुवात सरळसरळ तिथून आलेली. हे सगळं तो उघडपणे सांगत आलेला होता, त्याची त्याला कधी लाज वाटली नव्हती. पण चाल? चाल आपली, असं त्याने धरलेलं होतं. तो जिन्यावरून खोलीत येईपर्यंत ती डोक्यात तयार झाली होती, एकदम सबंध, कुठे जोड नाही, टाका नाही. एवढी सबंध गोष्ट माणसाला सुचते का, ही शंका तेव्हा का आली नाही? सव्वीस वर्षांच्या पोराला कसली शंका येणार म्हणा. त्याला वाटलं, आपण आहोतच तसे.

आणि मग पुढची सगळी वर्षं. त्यांच्याबद्दल तो मुलाखतीत बोलायचा नाही. 'तसंच अजून एक' असं कंपनीवाल्यांनी म्हटलं होतं, आणि तोही हो म्हणाला होता, त्यात काय मोठंसं, अशा थाटात. रोज सकाळी तोंडसुद्धा न धुता गिटार घेऊन बसायचा. जिन्यावर जाऊन बसून पाहिलं. दुसऱ्याचे जिने पाहिले. एक तार मुद्दाम काढून पाहिली. गाणी झालीच नाहीत असं नाही, झाली, चांगली नीटनेटकी झाली, आणि ऐकणाऱ्याने सभ्यपणे मान हलवून मग म्हणायचं, आता ते म्हणा ना. हळूहळू तो वाद्यांच्या दुकानाच्या माडीवर मुलांना गिटार शिकवू लागला आणि ते काम त्याला आवडायलाही लागलं, पण आत कुठेतरी एक गोष्ट बसून राहिली की आपल्यात एकच होतं, ते दिलं, आणि आता आपण रिकामे आहोत. नवा विद्यार्थी आला की त्याच्याकडे पाहून पहिला विचार यायचा, ह्याच्यात किती असतील? बायकोलाही हे कधी सांगितलं नव्हतं. तिला सांगायचं म्हणजे तिच्या दागिन्यालाच नावं ठेवल्यासारखं झालं असतं. आता ते एकसुद्धा आपलं नाही म्हटल्यावर काय उरलं? दुपारभर तो हे उगाळत बसला. जेवणाचं ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. रेडिओवालीला फोन करून घसा बसलाय म्हणावं, असं दोनदा मनात आलं.

मिस्त्री कापड घेऊन आला तेव्हा ह्याने सरळ विचारलं, की बाबा रे, त्या गाण्यात मध्येच थांबता ते का. मिस्त्रीला प्रश्नच कळला नाही. थांबायलाच पाहिजे ना, म्हणाला. मग ह्याचा चेहरा पाहून त्याने हातातली कात्री खाली ठेवली आणि सोफ्याची उशी दोन खुर्च्यांच्या मध्ये ठेवून दाखवलं. कारखान्यात गादी अशी उंच चौकटीवर ठेवायचे. एक बाई वर, एक खाली जमिनीवर बसलेली. वरच्या बाईने हातभर लांबीचा दाभण दोऱ्यासकट गादीतून खाली खुपसायचा, खालचीने तो ओढून घेऊन दुसऱ्या भोकातून परत वर पाठवायचा. पण कापूस एवढा जाड, की दाभण नेमका कुठून बाहेर येणार ते खालचीला दिसत नाही. टाका बसायला तिने तर तळहाताने गादी खालून दाबून धरलेली. शेजारी पिंजायच्या यंत्राचा आवाज, बोललेलं कुणाला ऐकू येईना. गायलेलं मात्र येतं. म्हणून गाण्यातच विचारायचं. मिस्त्रीने ती ओळ शब्दांसकट म्हणून दाखवली, खरखरीत आवाजात, अगदी गंभीरपणे: "'वरून येतोय दाभण, हात काढलास का गं?' मग थांबायचं. खालची म्हणणार, 'काढला.' ती काढला म्हणेपर्यंत खुपसायचं नाही. नाहीतर हात गेलाच समजा." शेवटची ओळ म्हणजे गाठ मारून पुढच्या टाक्याला सरकायचं.

शतकाचं एकटेपण! त्याला हसू फुटणार होतं, पण फुटलं नाही, कारण मिस्त्री पुढे बोलत होता. चाल कुणी केली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नवी बाई आली की तिला जमेल तसं थोडं बदलायची, पुढची आणखी बदलायची. मुलांना सांभाळायला घरी कुणी नाही अशा बायका पोरं बरोबर आणायच्या आणि कापसाच्या ढिगात ठेवून द्यायच्या. मिस्त्री स्वतः तिथेच वाढला, म्हणून तर चाल अंगात भिनली. "सारखं तेच कानावर," तो म्हणाला. "आणि खालच्या बायका ओळखू यायच्या बरं का. डाव्या तळहातावर, इथे मधोमध, एक टणक ठिपका. कधी ना कधी लागायचंच." त्याने स्वतःच्या तळहाताच्या मध्यावर बोट टेकवून दाखवलं.

ह्याच्या आईच्या डाव्या तळहातावर, बरोबर तिथेच, एक टणक, चकचकीत ठिपका होता. लहानपणी ताप आला की आई कपाळावर हात ठेवायची आणि त्या मऊ हातात तो एक ठिपका टोचायचा, आणि तो टोचला की आई आली हे डोळे न उघडता कळायचं. हे काय आहे म्हणून विचारलं तर ती म्हणायची, काही नाही रे, जुनं आहे. तो समजत्या वयाचा झाला तेव्हा ती हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात चादरी मोजत होती. त्याआधी, वडील गेल्यावरची दोनतीन वर्षं, कुठे काय केलं हे तिने कधी नीट सांगितलं नाही. 'इकडेतिकडे कामं केली' एवढंच. आणि त्यानेही कधी खोदून विचारलं नाही. आईला आपल्या आधीचं काही असेल हे मुलांच्या डोक्यात येत नाही. ती गायची नाही. निदान त्याच्यासमोर नाही. पण तो ढिगात पडलेला असणार. कापसात, पाठीवर, हातपाय हलवत, शब्द कळायच्या आधीच्या वयात, आणि वरून कुणीतरी विचारत असणार आणि चौकटीखालून त्याची आई उत्तर देत असणार. दिवसभर. रोज.

त्याने मिस्त्रीला कारखान्याचा पत्ता विचारला. मिस्त्री म्हणाला, तो केव्हाच पाडला, आता तिथे गाड्या लावतात. मग म्हणाला, "का हो सर? तुमचं कुणी होतं का तिथे?"

"आई होती," तो म्हणाला. हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून निघालं, आणि खरं वाटलं.

संध्याकाळपर्यंत थांबवेना, म्हणून उरलेलं उद्या करा असं मिस्त्रीला सांगून, दाराला कुलूप लावून तो बायकोच्या दुकानाकडे निघाला. ती चष्म्याच्या दुकानात होती, लग्नाआधीपासून. काचेतून त्याने पाहिलं, ती एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या चष्म्याची काडी गरम करून वाकवत होती, मग दोन्ही हातांनी त्यांच्या कानांवर बसवत होती, जरा मागे सरून बघत होती, परत काढत होती. हे काम करताना तिचा खालचा ओठ बाहेर यायचा. तो फूटपाथवर उभा राहिला. मघाशी चाल कुठून आली ते कळलं तेव्हा जो एक झटका बसला होता, त्याच्या खालून आता दुसरी भीती वर येत होती. आई असो नाहीतर कारखाना असो, गाणं जिन्यावर झालेलं नव्हतं. तिच्या त्या न बोलण्यासाठी केलेला थांबा तिच्यासाठी केलेला नव्हता. म्हाताऱ्या माणसाला ह्याची भीती वाटावी, हे हास्यास्पद होतं, हे त्याला समजत होतं, पण तो आत गेला नाही. आज सांगितलं नाही तर तासाभरात माईकसमोर परत तेच जिन्याचं सांगावं लागणार, आणि ह्यापुढे ते खोटं असणार, जाणूनबुजून. आजपर्यंत निदान ते अज्ञान तरी होतं.

ती पर्स घेऊन बाहेर आली, त्याला पाहून दचकली, काय झालं म्हणाली. काही नाही म्हणून तो चालू लागला. चौकापर्यंत सोफ्याच्या कापडाचा रंग, मिस्त्रीचं काम बरं आहे, रेडिओवालीला बसवायचं कुठे, असं सगळं बोलून झालं. मग सिग्नलला गाड्या थांबायची वाट बघत असताना, तिच्याकडे न बघता, त्याने सांगून टाकलं. घाईघाईने, क्रम सोडून: शीळ, दाभण, हात काढलास का, ठिपका, आई. शेवटी म्हणाला, "म्हणजे ते मी तुझ्यासाठी केलेलं नाही गं. केलेलंच नाही मी. मला कुठून तरी मिळालेलं होतं, तेच मी तुला दिलं."

ती काहीच बोलली नाही. सिग्नल सुटला, लोक दोन्ही बाजूंनी निघून गेले, आणि ती तिथेच उभी. जिन्यावर उभी होती तशीच, हे त्याच्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

"अरे, पण हे तुला माहीत नव्हतं?" ती म्हणाली.

तिने त्याचा दंड धरून त्याला कडेला घेतलं, फळवाल्याच्या छत्रीखाली, आणि सांगितलं. लग्न होऊन घरात आली त्या पहिल्याच वर्षी तिने पाहिलं होतं. तो बाहेर गेलेला असायचा, स्वयंपाकघरात रेडिओवर ते गाणं लागायचं, आणि सासूबाई हातातलं काम ठेवून डावा तळहात हवेत उताणा धरायच्या, जसं काही वर काहीतरी दाबून धरलंय. तिसरी ओळ झाली की झटकन हात मागे घ्यायच्या. मग स्वतःशीच हसून परत कामाला लागायच्या. हिने विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, कारखाना, कापूस, आणि हा कार्टा ढिगात कसा पडून असायचा, यंत्र बंद पडलं की रडायचा आणि बायका गायला लागल्या की गप्प व्हायचा. फक्त चारचौघांत बोलू नकोस म्हणाल्या. ते दिवस फार वाईट होते, लोकांना कशाला. "म्हणून तू बाहेर जिन्याचं सांगतोस, असं मला वाटायचं," ती म्हणाली. "आईंची लाज राखायला. मी आजवर कधी काही बोलले नाही ते त्यासाठीच. आणि मला वाटायचं, ह्याने मला नुसतं गाणं नाही दिलं. आईकडचं दिलं."

तो फळवाल्याच्या पेटीवर बसला. फळवाला काही म्हणणार होता, पण त्याने तोंडाकडे पाहिलं आणि फळं रचू लागला. हसू आता आलं, आवरेना, आणि हसताना डोळे भरून आले ते पुसायचंही त्याने मनावर घेतलं नाही. काय हलकं वाटलं म्हणून सांगू! सगळी घाण उपसून कुणीतरी आत नवा कापूस भरावा तसं. आपण रिकामे झालो नव्हतो. आपल्यात ते एकट्याचं असं कधी नव्हतंच. किती बायकांनी, किती वर्षं, एकमेकींचे हात सांभाळत ती चाल घासूनपुसून तयार केली, आणि हा येडा रोज सकाळी तोंड न धुता एकटा खोलीत बसून म्हणत होता, अजून एक का होत नाही, अजून एक का होत नाही. होणार कसं? नंतर जी नीटनेटकी गाणी झाली ती बिचारी एकट्याने जमतील तेवढी बरीच होती की. त्यांचा त्याने एवढ्या वर्षांत किती रागराग केला होता. 'आता ऊठ,' बायको म्हणाली, 'ती पोरगी दाराशी येऊन उभी असेल.' खरंच, ती कुलपासमोर माईकची पेटी घेऊन उभी होती.

सोफा अर्धाच शिवून झालेला होता, म्हणून तिघं जेवणाच्या टेबलाशी बसले. त्याने जिन्यापासून सुरुवात केली, कारण जिनाही खोटा नव्हता, ती खरोखरच वर उभी होती आणि तो खाली. मग त्याने बायकोकडे पाहिलं. आईचं सांगू का, हे विचारायचं होतं. तिने होकाराची मान हलवली. त्याने सांगितलं, काही न लपवता, धुलाईखात्याच्या आधीचे दिवससुद्धा, आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की त्या दिवसांत लाजण्यासारखं काहीच नाही, आईला उगाच वाटायचं. मुलीने कागदावरचे प्रश्न बाजूला ठेवले. शेवटी मात्र तिने तो प्रश्न विचारलाच, सगळे विचारायचे तो, जरा चाचरत: त्यानंतर तुम्ही पुन्हा तसं गाणं का नाही केलंत? बायको एकदम टेबलावरचे कप गोळा करू लागली. ह्याचं ते रिकामपण तिला ठाऊक होतं तर. कधीपासून, कोण जाणे.

"ते दोघांनी म्हणायचं गाणं आहे," तो म्हणाला. "मी एकट्यानेच म्हणत बसलो." त्याने गिटार घेतली, आणि बायकोला म्हणाला, कप ठेव, बस. ती नाही नाही म्हणाली, मला कुठे गाता येतं, म्हणाली, आणि बसली. त्याने पंपाचे दोन आचके वाजवले, पहिली ओळ घेतली, दुसरी, तिसरीला ते दाभणाचे शब्द म्हटले, हात काढलास का गं, आणि थांबला. गिटार थांबली. ह्या थांब्यात आजवर तो मनात मापून घ्यायचा आणि पुढे जायचा. आज त्याला मापायचं कारण नव्हतं. तो तिच्याकडे बघत राहिला. ती लाल झाली, पदराशी चाळा केला, रेडिओवालीकडे पाहिलं, आणि पुष्कळ उशिरा, बऱ्यापैकी बेसूर, म्हणाली, "काढला."

मुलीने कानावरचे हेडफोन जरा वर केले. थांबा फारच लांबला, ऐकणाऱ्यांना वाटेल काहीतरी बिघडलं, परत एकदा घेऊ या का, म्हणाली.

"नको," तो म्हणाला. "ती म्हणेपर्यंत थांबायचंच असतं." आणि त्याने पुढची ओळ घेतली.